जुन्या मायक्रोसर्व्हरचा प्रोसेसर बदलल्यानंतर वारंवार येणारे दोन दोष: भर दुपारी बंद पडणे आणि पावसाळ्यात निम्मी मेमरी नाहीशी होणे

एचपी प्रोलायंट मायक्रोसर्व्हर जेन८ हे २०१३ साली बाजारात आलेले, चार डिस्क मावणारे छोटे यंत्र माझ्या माहितीतील तीन-चार ठिकाणी आजही रोज काम करत आहे. त्यात मूळचा प्रोसेसर बहुधा सेलेरॉन जी१६१०टी किंवा पेन्टियम जी२०२०टी असतो. दोन्ही दोन कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतील काम करणारा स्वतंत्र भाग) आणि ३५ वॉटचे. काम वाढले की हे प्रोसेसर अपुरे पडतात, आणि ते साध्या सॉकेटात बसवलेले असल्यामुळे बदलताही येतात. त्यामुळे जुने झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे अधिक ताकदीचे प्रोसेसर, मागवून बसवण्याकडे लोकांचा ओढा असतो. बदल सोपा आहे, पण त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा पुन्हा डोके वर काढणारे दोन दोष मी देवगड तालुक्यातील एका आंबा पॅकिंग शेडमध्ये जवळजवळ वर्षभर अनुभवले. ते का आले, मी कुठे चुकलो आणि शेवटी ते कसे मिटले, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

या शेडमधील सर्व्हरवर बागेचा हिशेब, पेट्यांची बिले, ग्राहकांच्या याद्या आणि कॅमेऱ्यांचे चित्रण असते आणि रात्री या सगळ्याची कूटबद्ध प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते. सेलेरॉन जी१६१०टी मध्ये एईएस या पद्धतीचे कूटलेखन वेगाने करणाऱ्या खास सूचना नसल्यामुळे रात्री सुरू झालेली प्रत सकाळी माणसे कामावर आली तरी संपत नसे. हंगाम तोंडावर आला होता, म्हणून जानेवारीत मी त्या जागी वापरलेला झिऑन ई३-१२३० व्ही२ बसवला आणि मेमरी आठ जीबीच्या दोन पट्ट्या लावून १६ जीबी, म्हणजे या यंत्राच्या कमाल मर्यादेइतकी केली. फेब्रुवारी आणि मार्च उत्तम गेले. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शेडच्या मालकांचा फोन आला, "भाऊ, तां परत बंद पडलां." त्यांच्या त्या 'परत'मुळे मला कळले की हे आधीही झाले होते आणि त्यांनी बटण दाबून यंत्र चालू करून घेतले होते.

पहिला प्रश्न: यंत्र बंद पडले की वीज गेली?

कोकणात यंत्र बंद पडले की विजेवर संशय जाणे स्वाभाविक आहे, आणि बऱ्याच वेळा तो खराही असतो. परंतु या सर्व्हरमध्ये हा प्रश्न दोन मिनिटांत सोडवता येतो, कारण त्यातील आयएलओ ४ हा देखरेखीचा भाग मुख्य यंत्र बंद असतानाही, वायरीतून वीज येत असेपर्यंत, स्वतंत्रपणे जागा असतो. मुख्य वीज गेली असेल तर सर्व्हरबरोबर आयएलओसुद्धा बंद होतो आणि वीज आल्यावर तो नव्याने सुरू झाल्याची नोंद त्याच्या नोंदवहीत दिसते. सर्व्हर बंद पडला, पण त्या वेळी आयएलओ अखंड चालू होता असे दिसले, तर दोष विजेचा नाही, यंत्राच्या आतला आहे. घरगुती इन्व्हर्टरवर चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत वीज बदलण्याच्या क्षणी होणारा अडथळा हे वेगळे कारण असू शकते. त्याही वेळी नोंदवहीत वीज तुटल्याचीच खूण मिळते आणि त्यावर उपाय म्हणजे चांगला यूपीएस. आमच्या शेडमधील नोंदींत आयएलओ पंधरा दिवस अखंड चालू होता आणि सर्व्हर त्या काळात पाच वेळा बंद पडला होता. पाचही वेळा दुपारचे दोन ते चार या दरम्यानच.

चाळीस अंशांचा घोटाळा

वेळ पाहूनच उष्णतेचा संशय यायला हवा होता, आणि तो आलाही. परंतु आयएलओच्या तापमानाच्या पानावर प्रोसेसरसमोर ४० अंश सेल्सिअस हा आकडा निवांतपणे उभा होता. सकाळी सात वाजता ४०, दुपारी तीन वाजता ४०, प्रत चालू असताना ४० आणि सर्व्हर रिकामा असतानाही ४०. मी तो आकडा खरा मानला आणि उष्णतेचा विचार सोडून दिला. पुढचे तीन आठवडे वीजपुरवठ्याचा संच, डिस्क आणि कार्यप्रणाली तपासण्यात गेले. ही माझी सर्वांत मोठी चूक होती आणि हे लिहिण्याचे मुख्य कारणही तीच आहे.

त्या पानावरील प्रोसेसरचा आकडा हा चिपच्या आतील प्रत्यक्ष तापमानाचा नसतो. इंटेलचे प्रोसेसर आपण कमाल मर्यादेपासून किती अंश दूर आहोत हे सांगतात, आणि सर्व्हरची देखरेख व्यवस्था त्यावरून पंख्यासाठी एक सोयीचा आकडा काढते. प्रोसेसर धोक्याच्या जवळ पोहोचेपर्यंत हा आकडा ४० वरच थांबलेला दिसतो. म्हणून तेथे ४० दिसणे याचा अर्थ 'सर्व ठीक' असा नसून 'अजून अगदी कडेला गेलेला नाही' एवढाच घ्यावा. आणखी महत्त्वाचे म्हणजे प्रोसेसरपुरता पंख्याचा वेगही याच हिशेबावर ठरत असल्याने पंखा बराच वेळ संथ राहू शकतो, आणि मग वेग वाढवायला त्याला सवड मिळत नाही.

खरे तापमान हवे असेल तर ते कार्यप्रणालीतून पाहावे. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे तापमान वाचणारे सॉफ्टवेअर बसवून 'सेन्सर्स' ही आज्ञा दिली की प्रत्येक कोअरचे तापमान आणि त्या प्रोसेसरची स्वतःची वरची व धोक्याची मर्यादा शेजारीशेजारी दिसते. कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींत कोअरचे तापमान मर्यादेपलीकडे गेल्याने घड्याळाचा वेग कमी केल्याचा संदेश शोधावा. तो एकदा जरी सापडला तरी पुढे काही सिद्ध करायची गरज उरत नाही. आमच्या सर्व्हरवर तो संदेश एका दुपारी शेकड्याने होता. मी शेडमध्ये बसून दुपारी तीन वाजता पाहिले तेव्हा खोलीत ३६ अंश होते, कोअर नव्वदीच्या वर होते आणि आयएलओचे पान अजूनही ४० च म्हणत होते.

३५ वॉटच्या जागेत ६९ वॉट

या यंत्रातील प्रोसेसरच्या हीटसिंकवर स्वतंत्र पंखा नसतो. धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो आणि मागच्या बाजूचा एकच १२० मिलिमीटरचा पंखा डिस्क, मेमरी आणि हा ठोकळा या सर्वांवरून हवा ओढून बाहेर टाकतो. ही रचना ३५ वॉटच्या प्रोसेसरसाठी पुरेशी आणि विचारपूर्वक केलेली आहे. दोष तिचा नाही. झिऑन ई३-१२३० व्ही२ हा ६९ वॉटचा आहे. थंड खोलीत, स्वच्छ ठोकळ्यावर आणि तुटक कामावर तो चालून जातो, आणि म्हणूनच जानेवारीत बसवलेला प्रोसेसर एप्रिलपर्यंत तक्रार करत नाही. या सर्व्हरसाठी आत घेतल्या जाणाऱ्या हवेचे कमाल तापमान ३५ अंश सांगितलेले आहे. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत वैशाखात ते सहज ओलांडले जाते, आणि आंब्याच्या शेडमध्ये कामाचा सर्वाधिक भारही नेमका त्याच दिवसांत असतो.

आणि आमच्याकडे ठोकळा स्वच्छही नव्हता. हापूस पिकवण्यासाठी आढी घालतात ती भाताच्या पेंढ्यात, आणि पेट्यांतही पेंढाच अंथरतात. दिवसभर तो झटकला जातो. त्याचे बारीक तुकडे, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंतीवरून गळणारी तांबूस माती आणि समुद्रावरून येणारा खारा वारा हे तिन्ही सर्व्हरच्या तोंडातून आत जात होते. बोर्डाचा ट्रे बाहेर काढून मी हीटसिंक उन्हात धरला तेव्हा पात्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसत नव्हता. वरच्या कडेला घोंगडीच्या कापडासारखी एक पिवळट तांबडी पट्टी जमली होती आणि नखाने उचलल्यावर ती सलग निघाली. हाताला ती किंचित ओलसर आणि चिकट लागली. नुसत्या धुळीला फुंकर पुरते. मिठाने ओल धरलेली धूळ ब्रशने खरवडूनच काढावी लागते. हीटसिंक बोर्डापासून वेगळा केलेला असेल तर तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, नंतर गोड्या पाण्याने खळबळून, दिवसभर पूर्ण वाळवून वापरायला हरकत नाही. तो निव्वळ धातू आहे.

प्रोसेसर कोणता निवडावा

प्रोसेसर बसतो तो सॉकेट एलजीए ११५५ या प्रकारचा आहे, त्यामुळे 'व्ही३' लिहिलेले झिऑन यात बसत नाहीत. त्यांचे सॉकेट ११५० आहे आणि ते जबरदस्तीने दाबल्यास सॉकेटच्या पिना मोडतात. कोअर आय५ आणि आय७ यांत ईसीसीची, म्हणजे मेमरीतील चूक आपोआप ओळखून दुरुस्त करण्याची, सोय नसते. हिशेब आणि प्रती ठेवणाऱ्या यंत्रात ती सोय गमावणे मला योग्य वाटत नाही, मग तो प्रोसेसर कितीही वेगवान असो. उरतात ते मुख्यतः पुढीलप्रमाणे. झिऑन ई३-१२२०एल व्ही२ हा फक्त १७ वॉटचा, दोन कोअर आणि चार थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या चार धारांचा) आहे. ज्यांच्या खोलीत वारा नाही त्यांनी डोळे मिटून हाच घ्यावा. कोअर आय३-३२२०टी हा ३५ वॉटचा आणि ईसीसी चालणारा साधा पर्याय आहे. झिऑन ई३-१२६५एल व्ही२ हा ४५ वॉटचा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा, मूळ वेग २.५ आणि टर्बोत, म्हणजे भार आल्यावर आपोआप वाढणाऱ्या वेगात, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा आहे. कामाची गरज आणि उष्णता यांचा मेळ घालता आम्ही शेवटी हाच ठेवला. ६९ वॉटचे प्रोसेसर किनारपट्टीवर, वातानुकूलन नसलेल्या खोलीत बसवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉटचा आकडा म्हणजे सततचा खर्च नव्हे, हेही लक्षात घ्यावे. रिकाम्या वेळी हे सर्व प्रोसेसर जवळपास सारखीच, थोडी वीज घेतात. फरक पडतो तो तासन्‌तास चालणाऱ्या कामात. ज्यांच्याकडे आधीच ६९ वॉटचा प्रोसेसर बसलेला आहे आणि तो लगेच बदलणे शक्य नाही, त्यांनी सुरुवातीला एफ ९ दाबून बायोसच्या (यंत्राच्या मूलभूत मांडणीच्या) पानावर जावे आणि टर्बो बूस्ट बंद करावे, तसेच थर्मल कॉन्फिगरेशन या नोंदीत 'इन्क्रीज्ड कूलिंग' निवडावे. पंख्याचा आवाज वाढेल. हंगामापुरता तो सोसावा. उष्णतेने आपोआप बंद होण्याची सोय मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये. तीच यंत्राला वाचवते.

जड कामे दुपारी न करता पहाटे तीननंतर लावणे हाही खरा उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दुसरा दोष: १६ जीबीची ८ जीबी

मे महिन्याच्या अखेरीस ४५ वॉटचा झिऑन बसवला, ठोकळा धुतला, आणि दुपारचे बंद पडणे त्या दिवसापासून थांबले. मृगाचा पाऊस सुरू झाला, हंगाम संपला, शेडमधील माणसे भातलावणीला गेली. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वादळी पावसाने वीज दीड दिवस गेली. वीज आल्यावर सर्व्हर चालू झाला तो फक्त ८ जीबी मेमरी दाखवत.

मेमरीची पट्टी ढिली झाली असेल असे समजून मी दोन्ही पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. १६ जीबी दिसू लागली. अठरा दिवसांनी पुन्हा वीज गेली आणि पुन्हा ८ जीबी. या वेळी पट्ट्यांची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा नाहीशी होणारी पट्टी बदलली, पण रिकामा दिसणारा स्लॉट तोच राहिला. म्हणजे पट्ट्या निर्दोष होत्या. मग संशय नव्या झिऑनवर गेला, कारण तो वापरलेला होता. जुना सेलेरॉन बसवला. १६ जीबी दिसली. प्रोसेसर सदोष आहे असा निष्कर्ष काढून मी तो विक्रेत्याकडे परत पाठवण्याच्या तयारीत होतो. पाकीट बंद करण्यापूर्वी केवळ खातरजमा म्हणून तोच झिऑन पुन्हा बसवला, आणि १६ जीबी दिसली.

हा दोष वारंवार का परत येतो आणि लोक चुकीचा भाग का बदलतात, याचे उत्तर या घटनेत आहे. स्पर्शाचा दोष असतो तेव्हा कोणताही भाग काढून घातला की तो स्पर्श क्षणभर सुधारतो. ज्या भागाला आपण शेवटचा हात लावला तोच दोषी होता असे वाटते, दहा-पंधरा दिवस समाधान मिळते आणि मूळ कारण तसेच राहते. म्हणून अशा दोषात एक भाग काढून घातल्यावर यंत्र सुधारले, तर तोच भाग काही न करता आणखी एकदा काढून घालावा आणि वीज बंद ठेवून काही तासांनी पुन्हा पाहावे. नुसत्या काढण्या-घालण्याने दोष जात असेल तर तो भाग बदलू नये. स्पर्श तपासावा.

आता मेमरीचा दोष प्रोसेसरपाशी का शोधायचा? या पिढीत मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरच्या आत असते. दोन स्लॉट म्हणजे दोन स्वतंत्र वाहिन्या, आणि त्या प्रोसेसरच्या तळाच्या सपाट ठिपक्यांतून सॉकेटच्या पिनांवाटे थेट स्लॉटपर्यंत जातात. सॉकेटात अशा ११५५ पिना आहेत. त्यांपैकी एका वाहिनीची एक पिन जरी नीट टेकली नाही तरी ती वाहिनी सुरू होत नाही आणि त्या बाजूची सगळी पट्टी नाहीशी होते. बाकी यंत्र निर्धास्त चालत राहते, म्हणून कोणी सॉकेटकडे पाहत नाही.

ऑगस्टमध्ये दोन दिवसांची उघडीप मिळाली तेव्हा मी बोर्ड घरी आणला आणि भिंग व टॉर्च घेऊन बसलो. प्रोसेसरच्या तळावर एका कोपऱ्याजवळ अंगठ्याच्या ठशाचा अर्धा भाग स्पष्ट उमटलेला होता. सोनेरी ठिपके इतरत्र चकचकीत होते आणि त्या ठशाच्या रेषांत मळकट, भुरकट झाले होते. ठसा माझाच होता. मे महिन्याच्या दुपारी, घामेजलेल्या हातांनी मी तो प्रोसेसर बसवला होता. त्याशिवाय हीटसिंकच्या चार स्क्रूंपैकी दोन पूर्ण आवळलेले आणि समोरचे दोन अर्ध्या फेऱ्याने सैल होते, त्यामुळे प्रोसेसरवरचा दाब एका बाजूला झुकला होता आणि ठशाचा कोपरा हलक्या बाजूला होता.

घामातील मीठ आणि समुद्रावरच्या वाऱ्यातील मीठ एकच. मीठ हवेतील ओल शोषते हे स्वयंपाकघरातील बरणीवरून प्रत्येकाला माहीत आहे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ स्वतःहून विरघळू लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावर ही पातळी दिवसचे दिवस ओलांडलेली असते. यंत्र चालू असताना बोर्ड उबदार असतो, त्याच्या लगतची हवा कोरडी राहते आणि मिठाचा थर गुपचूप पडून असतो. यंत्र दीड दिवस बंद राहिले की बोर्ड थंड होतो, थर ओला होतो आणि वीज आल्यावर पहिल्याच सुरुवातीला स्पर्श बिघडलेला असतो. दोष नेहमी वीज जाऊन आल्यावरच का दिसे, याचा उलगडा मला येथे झाला. विजेच्या झटक्याने बिघाड होतो असे मी तोवर समजत होतो. बिघाड करणारी गोष्ट म्हणजे त्याआधीची थंड, ओली शांतता होती.

दुरुस्ती

कामासाठी पाऊस थांबलेला दिवस निवडावा, हात धुऊन कोरडे करावेत आणि प्रोसेसर फक्त कडांनी धरावा. वायर काढून पाच मिनिटे थांबावे, डिस्कच्या जागा कागदावर लिहून ठेवाव्यात, मग वरचे झाकण काढून बोर्डाच्या जोडण्या सोडवाव्यात आणि ट्रे मागून सरकवून बाहेर घ्यावा. जोडण्या सोडवण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र काढले की परत जोडताना विचार करावा लागत नाही.

प्रोसेसरचा तळ ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावा. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जंतुनाशक द्रवात बरेचसे पाणी असते, ते येथे वापरू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानातून बाटली आणावी. सॉकेटच्या पिनांना मात्र कापूस, कापड, ब्रश यांपैकी काहीही लावू नये. त्या केसासारख्या नाजूक, वाकलेल्या पात्या असतात आणि कापसाचा एक धागा अडकला तरी तो ओढताना पिन वाकते. तेथे रबरी फुग्याने हवा मारावी आणि टॉर्च अगदी तिरकी धरून पिनांच्या ओळींवर प्रकाश टाकावा. सर्व पिना सरळ असतील तर ओळी शेतातल्या लावणीसारख्या एकसारख्या चमकतात. जेथे चमक तुटते किंवा एक ठिपका वेगळ्या दिशेला लकाकतो, तेथे पिन वाकलेली आहे. वाकलेली पिन सरळ करणे शक्य असते, पण पहिल्यांदा करणाऱ्याने ते मोबाइल दुरुस्तीचे सूक्ष्मदर्शक असलेल्या माणसाकडून करून घ्यावे. आमच्या सॉकेटात सुदैवाने सर्व पिना सरळ होत्या.

प्रोसेसर बसवून सॉकेटचा खटका लावल्यावर वरचे जुने थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पूर्ण पुसावे आणि मधोमध तुरीच्या दाण्याएवढे नवे पेस्ट ठेवावे. हीटसिंक सरळ खाली टेकवावा. चारही स्क्रू आधी फक्त बोटाने पकडेपर्यंत फिरवावेत, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने, प्रत्येकाला अर्धा फेरा देत, सर्व एकत्र टेकेपर्यंत आवळत जावेत. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जाणे हीच ती चूक, जी मी मे महिन्यात केली होती. घाई होती, दुपारची वेळ होती आणि बाहेर टेम्पो उभा होता.

बोर्ड बाहेर आलेलाच आहे तर त्यावरील नाण्याच्या आकाराची बॅटरीही बदलावी. दहा वर्षांच्या यंत्रात ती संपत आलेली असते आणि वीज गेल्यावर तारीख मागे जाऊ लागली की बिलांचे क्रमांक विस्कटतात.

खातरजमा

दुरुस्ती झाली असे म्हणण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. रात्रभर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्राम चालवावा. १६ जीबी पूर्ण दिसली पाहिजे आणि एकही चूक येता कामा नये. त्यानंतर दार बंद करून, यंत्र त्याच्या नेहमीच्या जागी ठेवून, दुपारी दोनला स्ट्रेस-एनजी हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम अर्धा तास सर्व थ्रेडवर चालवावा आणि 'सेन्सर्स'मधील आकडे दर मिनिटाला लिहून ठेवावेत. झाकण उघडे ठेवून केलेली चाचणी निरुपयोगी आहे, कारण मग पंख्याची ओढ हीटसिंकवरून जातच नाही. आकडे पहिल्या दहा मिनिटांत चढून नंतर स्थिर झाले तर चालेल. अर्ध्या तासानंतरही चढतच राहिले तर पेस्ट किंवा हवेचा मार्ग पुन्हा पाहावा. आमच्याकडे ४५ वॉटचा झिऑन त्याच खोलीत सत्तरीच्या आसपास स्थिरावला.

लिनक्सवर ईडॅक या मेमरीच्या चुका टिपणाऱ्या सोयीची नोंद चालू ठेवणेही उपयोगी आहे. ईसीसी मेमरी एका बिटाची चूक मुकाट्याने दुरुस्त करते आणि ईडॅक तिची मोजणी ठेवतो. हा आकडा शून्यावरून हलू लागला की स्पर्श पुन्हा बिघडत असल्याची सूचना पट्टी नाहीशी होण्याआधीच मिळते. मी दर पौर्णिमा-अमावास्येला हा आकडा पाहतो, तारीख लक्षात ठेवायला ते सोपे जाते.

यंत्राची जागाही आम्ही बदलली. पेंढ्याच्या खोलीतून ते आतल्या कार्यालयात, जमिनीपासून चार फुटांवर, भिंतीपासून मागे वीतभर अंतर ठेवून नेले. दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी असे वर्षातून दोनदा तोंडाची जाळी ब्रशने झाडली जाते. पावसाळ्यात काम नसले तरी सर्व्हर बंद ठेवत नाही. त्याची स्वतःची ऊब हेच ओलीपासूनचे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. लांबचा वीजखंड झालाच, तर वीज आल्याबरोबर बटण न दाबता आधी खोलीतला पंखा तासभर चालू ठेवून मग यंत्र सुरू करावे असे शेडमधील माणसांना सांगितले आहे, आणि त्यासाठी वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची बायोसमधील सोय बंद केली आहे.

काढलेला सेलेरॉन फेकू नये किंवा विकूही नये. त्याला फार किंमत येत नाही, पण पुढे कधी शंका आली तर तुलना करण्यासाठी तो हाताशी लागतो. आमचा एका छोट्या हवाबंद डबीत, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह, ठिपके वरच्या बाजूला करून ठेवला आहे आणि डबीवर तो शेवटचा कोणत्या तारखेला व्यवस्थित चालला ते लिहिले आहे.